एकही भोक न पाडता: १९४३ च्या ली-एनफिल्डवर दुर्बीण बसवण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं आहे. मालकाचं नाव बदलून ‘नाना’ केलं आहे. क्लब, दुकान आणि विक्रेता यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. रायफल मात्र जशी आहे तशीच सांगतो, कारण सगळा तिढा तिच्यातच होता.

पार्श्वभूमी

नाना साताऱ्याकडचे, आता मिसिसागात स्थायिक आणि निवृत्त. कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ बोअरची ली-एनफिल्ड, खांद्यावर घेऊन परेड केलेली. महाराष्ट्रात ही रायफल कुणाला नवी नाही. पोलिसांच्या खांद्यावर ती इतकी वर्षं राहिली, की २६/११ च्या रात्री सीएसटीवरही काही जवानांच्या हातात तीच होती. नानांच्या शेजारचे एक वृद्ध कॅनेडियन गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्या बाईंनी नवऱ्याची रायफल विकायची ठरवली. नानांकडे परवाना होता आणि क्लबचं सदस्यत्वही होतं. मे २०२२ पासून कॅनडात साध्या वर्गातली बंदूक घेतानाही घेणाऱ्याचा परवाना तपासून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो. ते सोपस्कार झाले आणि रायफल नानांच्या कपाटात आली.

ती ली-एनफिल्डच्या नंबर ४ मार्क १ स्टार या मॉडेलची निघाली, १९४३ ची, लाँग ब्रँचची. लाँग ब्रँचचा कारखाना टोरोंटोच्या पश्चिम वेशीवर, लेकशोर रोडला. दुसऱ्या महायुद्धात हजारो बायका तिथे लेथ आणि मिलिंगवर उभ्या होत्या, आणि या जातीच्या सुमारे नऊ लाख रायफली तिथून बाहेर पडल्या. कारखान्याची तपासणीची इमारत अजून उभी आहे. तिथे आता चित्रप्रदर्शनं आणि नाटकं होतात. नानांच्या घरापासून गाडीने ती जवळच. ‘आपली थ्री नॉट थ्री इथं गल्लीतच जन्मली की रे,’ हे वाक्य त्यांनी क्लबात प्रत्येकाला ऐकवलं.

महत्त्वाचं असं, की रायफलीला कुणी हात लावलेला नव्हता. बॉडीवरचा (रायफलीच्या मधल्या मुख्य पोलादी भागावरचा) आणि बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या, दांडीवरचा क्रमांक एकच. लाकूड पुढच्या टोकापर्यंत पूर्ण. युद्धानंतर या रायफली स्वस्तात विकल्या गेल्या आणि लोकांनी हरणाच्या शिकारीसाठी त्यांचं पुढचं लाकूड कापलं, वर भोकं पाडून दुर्बिणी चढवल्या. त्यामुळे कापलेल्या रायफली ढिगाने मिळतात. अखंड रायफल मिळणं वर्षागणिक अवघड होत चाललं आहे, आणि दोन्हींच्या किमतींतही तसाच फरक पडतो.

अडचण

नानांचे डोळे साठीपलीकडचे. लोखंडी साइटने नेम धरायचा तर मागचं छिद्र, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उभा काटा) आणि लांबचं लक्ष्य या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. छिद्राकडे डोळा आपोआप जुळवून घेतो, पण माशी त्यांना कापसासारखी दिसायची. चष्मा लावला की माशी स्पष्ट आणि लक्ष्य गायब, काढला की उलटं. शंभर यार्डांवर त्यांच्या गोळ्या ताटाएवढ्या घेऱ्यात पडत होत्या.

त्यांनी माझ्याकडे विषय काढला तो थेट दुर्बिणीचाच. मी पिंपरीच्या टूलरूममध्ये घडलो आणि आता ब्रॅम्प्टनला मशिन शॉपमध्ये असतो. क्लबातले अशी कामं घेऊन माझ्याकडे येतात. नानांची अट एकच होती: ‘भोक पाडायचं नाही. उद्या माझ्या पोराला ही जशीच्या तशी मिळाली पाहिजे.’

अट ऐकायला सोपी वाटते. पण नंबर ४ वर दुर्बिणीला सपाट, मोकळी अशी जागाच नाही. बॉडीच्या वर मध्यभागी एक कमान आहे. क्लिपमध्ये लावलेली पाच काडतुसं एका दाबात मॅगझिनमध्ये उतरवायची ती सोय. तिच्या मागे दोन कान आहेत आणि त्यांत मागची साइट एका पिनीवर उघडझाप करते. युद्धातल्या नेमबाजांच्या रायफलींना, म्हणजे नंबर ४ (टी) ला, डाव्या अंगाला पोलादी पॅड स्क्रूंनी कायमचे बसवत आणि त्यांवर साडेतीनपट मोठं दाखवणारी नंबर ३२ दुर्बीण चढवत. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने अशा सुमारे २३ हजार रायफली तयार केल्या. म्हणजे खुद्द सैन्यालाही भोक चुकवता आलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दुकानदाराने सुचवला: वरून चार भोकं पाडा, आटे घाला, संपलं. सर्वांत पक्का आणि सर्वांत स्वस्त. नानांनी तो ऐकूनही घेतला नाही.

दुसरा पर्याय (टी) सारखे नक्कल पॅड बसवण्याचा. दिसायला झकास, पण भोकं पडणारच. शिवाय अशी रायफल पुढे विकायला निघाली की घेणारा तिच्याकडे बनावट स्नायपर म्हणूनच बघतो. खऱ्या (टी) वर डाव्या बाजूला ‘टीआर’ आणि दस्त्याखाली ‘एस ५१’ असे शिक्के असतात. ते नसताना पॅड असले तर संशय आलाच.

तिसरा, बिनभोकाचं माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारी बैठक. मागची साइट काढायची, तिच्या पिनीच्या भोकांतून माउंटचा स्क्रू घालायचा, आणि माउंटचं पुढचं अंग कमानीवर टेकवून ग्रब स्क्रूंनी (डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूंनी) दाबून धरायचं. साइट सांभाळून ठेवली की पुन्हा बसवता येते.

चौथा, दुर्बिणीचा नाद सोडून डोळ्यावर काम करणं. लांबचं दिसण्यासाठी लागणाऱ्या नंबरात अर्धा प्लस वाढवून नेमबाजीसाठी वेगळा चष्मा करून घ्यायचा, किंवा काचेवर बारीक छिद्राची चकती लावायची. छिद्र लहान झालं की जवळचं आणि लांबचं, दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतं. टार्गेट शूटिंगमधली जुनीजाणती मंडळी वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत.

पाचवा, आधीच कुणीतरी कापलेली, भोकं पडलेली दुसरी रायफल घ्यायची आणि दुर्बीण तिच्यावर चढवायची.

माझा कल चौथ्याकडे होता. खर्च एका चष्म्याचा आणि रायफलीला हात लावायचं कामच नाही. नाना म्हणाले, ‘अरे, चष्मे काय थोडे आहेत घरात? मला काळा ठिपका मोठा दिसला पाहिजे.’ पाचवा त्यांना पटण्यासारखा होता, पण काकूंनी दारातच अडवला, ‘कपाटात एक पुरे.’ त्यावर नानांनी वाद घातला नाही. उरला तिसरा.

इथेच एक गोष्ट ठरवून घेतली: ही रायफल १०० यार्डांपलीकडे दुर्बिणीने वापरायची नाही, आणि शिकारीला न्यायची नाही. बिनभोकाचं माउंट काढून पुन्हा लावलं की नेम हलतो. कागदावर त्याने काही बिघडत नाही, जनावराच्या बाबतीत बिघडतं.

आधी रायफल, मग दुर्बीण

माउंट मागवण्याआधी रायफल तपासली. दुर्बिणीच्या माथी मारले जाणारे निम्मे दोष मुळात रायफलीचेच असतात, आणि ते आधी कळलेले बरे.

मार्क १ स्टारची एक जुनी खोड आहे. बोल्टचं डोकं बाहेर काढण्यासाठी, ते सरकतं त्या उजव्या रुळावर एक खाच ठेवलेली असते. तिची कड कधीकधी तुटते आणि मग बोल्ट ओढताना डोकं रुळावरून निसटतं. नानांच्या रायफलीची खाच शाबूत निघाली. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड टेकते ती जागा यांतलं अंतर, मोजली: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला, ०.०७४ च्या गेजवर झाला नाही. सैन्याच्या मापात पास.

मग लाकूड. नंबर ४ चा नेम बराचसा पुढच्या लाकडाच्या बसणीवर असतो. मागे ते बॉडीशी घट्ट भिडलेलं हवं आणि पुढे नळीला खालून काही पौंडांचा दाब द्यायला हवं. ऐंशी वर्षांचं लाकूड ओंटारिओच्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या घरात सुकून आक्रसतं. इथे दाब कमी झाला होता, पण होता. जवसाचं तेल पाजून लाकूड काही आठवडे तसंच ठेवलं.

शेवटी क्लबातल्या एका तरुण मुलीला लोखंडी साइटने बाकावरून शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारायला सांगितलं. ग्रुप, म्हणजे पाचही गोळ्यांचा घेरा, तीन इंचांच्या आतबाहेर आला. म्हणजे रायफलीची कुवत कळली. कोणतीही दुर्बीण आली तरी याहून फार काही मिळणार नाही, हे नानांना तिथेच सांगून ठेवलं.

रायफलीबरोबर काडतुसांचा एक जुना डबाही आला होता. त्यातल्या काहींच्या बुडावर ‘के एफ’ शिक्का. म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना! पुण्याहून निघालेलं काडतूस लेक ओंटारिओच्या काठी नानांच्या टेबलावर. नानांना ती मारून बघायची फार इच्छा होती. ती इच्छा मोडावी लागली. जुन्या लष्करी काडतुसांचे प्रायमर (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोप्या) क्षार सोडतात आणि नळी गंजवतात. त्यात इतक्या वर्षांनी दारू उशिरा पेट घेण्याचीही भीती असते. चाप ओढला, आवाज नाही, म्हणून बोल्ट उघडला आणि तेव्हाच पेटली, तर काय होईल ते सांगायला नको. डबा शोभेला राहिला. मारायला दुकानातली नवी, १८० ग्रेन गोळीची घेतली.

बसवणी

मागची साइट काढणं हे दिसतं तेवढं निरागस काम नाही. साइटची पिन एका बारीक आडव्या पिनीने अडकवलेली असते. आधी ती बारीक पिन बरोबर मापाच्या पंचने ठोकून काढायची, मग मोठी. आणि साइटच्या खाली एक छोटा दट्ट्या आणि स्प्रिंग दबून बसलेले असतात. साइट सैल झाली की ते उडतात. मी काम प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत हात घालून करतो, तरीही दट्ट्या पिशवीच्या कोपऱ्यात जाऊन आदळला तेव्हा नाना दचकले. साइट, दोन्ही पिना, दट्ट्या आणि स्प्रिंग एका डबीत, वर चिठ्ठी, आणि डबी रायफलीच्याच कपाटात. अशा डब्या ‘कुठेतरी जपून’ ठेवल्या की घर बदलताना हरवतात आणि मग ‘न बदललेली’ रायफल कायमची बदललेली ठरते.

माउंट बसवलं, रिंगा चढवल्या, चारपट मोठं दाखवणारी, एक इंची नळीची साधी दुर्बीण घेतली. डोळ्याकडचं भिंग मुद्दाम लहान निवडलं, म्हणजे बोल्टची दांडी वर उचलताना बोटं अडकत नाहीत. डोळा आणि भिंग यांतलं अंतर नानांना थंडीचा जाड कोट घालायला लावून ठरवलं. टी-शर्टवर बसवलेलं अंतर ऑक्टोबरात कोटाच्या जाडीने बिघडतं, हे इकडच्या लोकांना बरोबर ठाऊक असतं.

पहिल्या दिवशी ग्रुप छान आला. नाना खूश. पण पुढच्या गोळ्या हळूहळू डावीकडे आणि वर सरकू लागल्या. दुर्बिणीचे नॉब फिरवून नेम पुन्हा मध्यावर आणला, तरी गोळ्या पुन्हा सरकल्या. नानांचा निष्कर्ष तयार: दुर्बीण खराब. दुकानदाराचाही तोच सल्ला, महाग दुर्बीण घ्या.

हा या प्रकरणातला खरा वळणबिंदू. दुर्बीण बदलण्याआधी माउंट आणि कमान यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारली (काकूंच्या परवानगीने), दुसरी मागच्या स्क्रूपाशी. काही गोळ्या मारून बघितलं, तर मागची रेघ तुटलेली. माउंट हलत होतं, दुर्बिणीचा काही संबंध नव्हता.

हलत का होतं? व्हर्नियर लावला. साइटच्या पिनीचं भोक ऐंशी वर्षांच्या उघडझापीने किंचित लांबट झालं होतं, आणि माउंटबरोबर आलेला स्क्रू त्या भोकापेक्षा बारीक. स्क्रू कितीही आवळला तरी धक्क्याबरोबर माउंट त्या सैल जागेत सरकायचं. पुढच्या बाजूला मार्किंग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून माउंट टेकवलं आणि उचललं, तर निळा डाग फक्त एका कोपऱ्यात. म्हणजे माउंट कमानीवर बसलं नव्हतं, एका टोकावर लटकलं होतं. या रायफली पाच कारखान्यांत, युद्धाच्या घाईत झाल्या. कमानीची वरची बाजू एकीची दुसरीशी जुळेलच असं नाही. माउंट बनवणारा सरासरी माप धरतो.

किती फरक पडतो याचा हिशोब सोपा आहे. माउंटची लांबी १०० मिलिमीटर धरली आणि एक टोक दशांश मिलिमीटरने सरकलं, तर तो कोन शंभर मीटरवर १० सेंटीमीटर होतो. दशांश मिलिमीटर म्हणजे कागदाची जाडी.

आता निर्णय. एक मार्ग होता: रायफलीचं भोक रीमरने गोल करून मोठी पिन घालायची. टूलरूममध्ये तोच हात आपोआप पुढे येतो. पण भोक मोठं करणं म्हणजे बदल करणंच. अट मोडली असती, आणि जुनी साइट परत बसवली तर तीच खडखडली असती. म्हणून नियम घातला: माप जुळत नसेल तर माउंट घासायचं, रायफल नाही.

लेथवर एक नवा स्क्रू उतरवला. त्याची खांद्यापर्यंतची गुळगुळीत दांडी रायफलीच्या भोकात हाताच्या दाबाने जेमतेम जाईल अशा मापाची, आटे फक्त टोकाला. धक्का आता दांडीवर येतो, आट्यांवर नाही. माउंटचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, त्यामुळे कानशीने थोडं थोडं काढत, ब्लू लावत, पुन्हा टेकवत तो कमानीच्या आकाराला आणला. निळा डाग कमानीच्या बहुतेक भागावर पसरेपर्यंत हे चाललं. हे कंटाळवाणं काम आहे. घाईत एक घास जास्त गेला की पितळेची शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालावी लागते, आणि एका बाजूला ती घालावी लागलीच. सगळ्या सांध्यांवरचं तेल पुसून काढलं, आट्यांना निळं, म्हणजे पुन्हा उघडता येण्याजोगं, लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावलं. ग्रब स्क्रू मात्र बेताने आवळले. ते कमानीवर दाब देतात, जास्त आवळले तर माउंटच वर उचललं जातं.

उरलेला तिरकेपणा दुर्बिणीच्या नॉबने काढायचा नाही असं ठरवलं. नॉब एका टोकाला नेऊन ठेवला की पुढे जागा उरत नाही. त्याऐवजी आत प्लॅस्टिकचे फिरते इन्सर्ट असलेल्या रिंगा घेतल्या. इन्सर्ट कमीजास्त जाडीचे असतात, ते फिरवून दुर्बीण नळीच्या रेषेत आणली.

गाल, दस्ता आणि बोल्ट

माउंटचा प्रश्न सुटला आणि तीन नवे उभे राहिले.

दुर्बीण नळीच्या मध्यापासून सुमारे सहा सेंटीमीटर वर आली. दस्ता लोखंडी साइटसाठी घडवलेला, म्हणजे खाली. नाना गाल टेकवायचे तर दुर्बिणीत काळोख, दुर्बिणीत बघायचे तर हनुवटी हवेत. (टी) रायफलींना दस्त्यावर लाकडाचा उंचवटा स्क्रूंनी जोडलेला असे. तो घातला तर नानांच्या मूळ दस्त्याला भोकं पडणार. कॅनव्हासचं बांधायचं गालपॅड बघितलं, पण ते धक्क्याला फिरायचं.

मग लक्षात आलं की दस्ता हा सुटा भाग आहे. नंबर ४ चे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे येत: लांब, साधा, आखूड आणि अगदी आखूड ‘बँटम’. नानांच्या रायफलीवर लांब दस्ता होता, नानांचा हात आखूड. जुन्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून एक आखूड दस्ता घेतला, लाकडी उंचवटा त्या दस्त्याला स्क्रूंनी जोडला आणि मूळ दस्ता जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला. भोकं पडली ती दुसऱ्याच लाकडाला.

दस्ता काढताना एक खबरदारी. दस्ता बॉडीला जोडणारा वेगळाच एक लांब बोल्ट दस्त्याच्या आत असतो, तो मागच्या पत्र्याच्या झडपेतून लांब स्क्रू ड्रायव्हरने उघडतात. पण त्याच्या डोक्यावर फेल्टचा गोळा कोंबलेला असतो. तो आधी काढला नाही तर ड्रायव्हर खाचेत बसत नाही, घसरतो आणि लाकूड आतून फाडतो. आणि जुन्या नंबर १ रायफलीत, आपल्या पोलिसांची होती ती, पुढचं लाकूड आधी उतरवल्याशिवाय हा बोल्ट फिरवायचाच नाही. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं. नंबर ४ मध्ये ती भानगड नाही.

दुसरा प्रश्न: रायफलीचा सरकता बोल्ट बाहेर निघेना. नंबर ४ मध्ये बोल्ट काढताना डोकं वर फिरवावं लागतं आणि साइट उभी करून वाट द्यावी लागते. साइटच्या जागी आता माउंट होतं. प्रत्येक वेळी माउंट काढलं तर नेम गेला. पुढून सळई घालून साफ केलं तर नळीच्या तोंडाची कड झिजते, आणि नेम तिथेच असतो. त्यावर तोडगा म्हणून बोल्ट फक्त मागे ओढून, वरच्या उघड्या जागेतून दोरीचं क्लीनर आत सोडायचं आणि तोंडातून ओढून घ्यायचं. सैन्यातला पुल-थ्रूचाच प्रकार.

तिसरा किरकोळ: क्लिपने भरणं बंद झालं, कारण दुर्बीण नेमकी कमानीवर. काडतुसं एकेक भरावी लागतात, आणि थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला कड असते. वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली की अडकतं. प्रत्येक काडतुसाची कड आधीच्याच्या पुढे ठेवायची. नानांच्या बोटांना सवय झाली.

निकाल

पंचवीस मीटरवर कागद लावून आधी नेम अदमासे बसवला. दुर्बीण उंच असल्याने तिथे गोळी नेमाच्या सुमारे अडीच सेंटीमीटर खाली लागली पाहिजे, तरच शंभरवर मध्यावर येते. त्यावरही नाना एकदा अडले, ‘खाली लागतीय म्हणजे चुकतीय ना?’ आकृती काढून दाखवल्यावर शांत झाले.

शंभर यार्डांवर नानांचा ग्रुप आता तीन इंचांच्या आसपास राहतो. नेलपॉलिशच्या रेघा संपूर्ण हंगामभर अखंड राहिल्या. तरुण डोळ्यांनी लोखंडी साइटवर जे मिळालं होतं, तेच नानांना दुर्बिणीने मिळालं. त्यापुढे नळी आणि लाकूड आहे, दुर्बीण नाही.

हंगामाअखेर माउंट उतरवलं तेव्हा कमानीवर दोन चकचकीत ठिपके दिसले, ग्रब स्क्रूंच्या खालचे. १९४३ चा काळा मुलामा तिथे घासला गेला होता. भोक नाही, पण खूणही नाही असं म्हणता येणार नाही. नाना बराच वेळ भिंगातून बघत राहिले. पुढच्या बसवणीत ग्रब स्क्रूंखाली पितळेच्या छोट्या चकत्या ठेवल्या, आणि ठिपके वाढलेले नाहीत. ‘बिनभोकाचं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या खोक्यावर ही गोष्ट लिहिलेली नसते.

माउंट परत बसवल्यावर नेम अपेक्षेप्रमाणे काही इंच हलला होता. म्हणून आता ते वर्षातून एकदाच उतरवायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि नेम पुन्हा जुळवून घ्यायचा.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी पिनीचं भोक मोजायला हवं होतं, म्हणजे माउंट मागवण्यापूर्वी. पाच मिनिटांचं काम. ते मोजलं असतं तर मापाचा स्क्रू पहिल्याच दिवशी हातात असता आणि दुर्बिणीवर संशय घेण्यात गेलेली काडतुसं वाचली असती. थ्री नॉट थ्रीची काडतुसं आता स्वस्त राहिलेली नाहीत.

बोल्ट निघतो का, हे माउंट विकणाऱ्याला आधी विचारावं. काहींचा आकार वाट मोकळी ठेवतो, काहींचा नाही. नानांच्या माउंटच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नव्हता.

चष्म्याचा पर्याय एकदा करून बघायला हरकत नव्हती, हे माझं मत अजून कायम आहे. ज्यांच्या रायफलीचा मुलामा अगदी अस्सल, काळाभोर आहे, त्यांना मी ते दोन ठिपके दाखवतो आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात थ्री नॉट थ्री हा निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, खाजगी परवान्यावर ती साधारणपणे मिळत नाही. परवानाधारकांकडे असते ती आयुध निर्माणीची .३१५, त्याच घराण्यातली. तिच्यावर असं काही करायचं तर आधी परवान्याच्या अटी वाचाव्यात, आणि काम परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच करून घ्यावं.

नाना सध्या क्लबच्या सूचना फलकावरची एक जाहिरात वारंवार वाचतात: लाकूड कापलेली, वर चार भोकं पडलेली नंबर ४, नळी उत्तम, किंमत माउंट आणि रिंगांच्या खर्चापेक्षा थोडी जास्त. ती घेतली तर अखंड रायफलीवर लोखंडी साइट परत जाईल. काकूंशी बोलणी अजून सुरू आहेत.